सूत पारखून घ्यावे



ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यातील आपल्या अनेक माता-भगिनी आज हातकामाकडे वळत आहेत. कोणी लहान चौकटीच्या मागावर आसने, पिशव्या, उपरणी विणते. कोणी क्रोशाने रुमाल व टोप्या करते. कोणी बचत गटातून गोधड्या शिवते. काम हाती घेतले की पहिला प्रश्न उभा राहतो तो सुताचा. दुकानदार चार कोन पुढे ठेवतो. एकावर 'नैसर्गिक' असे छापलेले असते, दुसऱ्यावर 'पर्यावरणपूरक', तिसऱ्यावर 'बांबूचे', आणि चौथ्यावर काहीच लिहिलेले नसते. यातले कोणते घ्यावे?

केसपुत्त नगरीतील कालाम लोकांपुढेही असाच पेच होता. निरनिराळे उपदेशक येत आणि आपलेच मत खरे म्हणून सांगत. कोणावर विश्वास ठेवावा असे कालामांनी विचारले. तेव्हा भगवान बुद्धांनी सांगितले की, कोणी सांगतो म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नये. ते हिताचे आहे की अहिताचे, हे स्वतः तपासून मग स्वीकारावे. जी कसोटी मताला लागू आहे ती बाजारातल्या चिठ्ठीलाही लागू आहे. म्हणून सूत घेताना तीन प्रश्न विचारावेत. हे सूत कशाचे आहे? ते तयार करताना त्यात काय काय ओतले गेले? आणि त्याची किंमत पैशाखेरीज आणखी कोणी मोजली? या तीन प्रश्नांचा आज आपण अभ्यास करू.

सुताशी आपले नाते

सूत आपल्याला परके नाही. विदर्भात महार समाजातील अनेक कुटुंबे जाडेभरडे कापड विणून पोट भरीत असत. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे स्वस्त कापड गावोगाव पोचले, तसे घरचे माग थंडावत गेले आणि विणणारी माणसे मजुरीकडे वळली.

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे सूतकताईच्या खात्यात होती, पण अधिक पगाराच्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपण तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली. कापूस तोच, सूत तेच, फक्त ते कोणाच्या ओठाला लागले यावर पगार ठरत होता!

मग कोणी विचारील, "आता पुन्हा मागावर बसणे म्हणजे जुन्या जातिधंद्याकडे परतणे नव्हे काय?" प्रश्न रास्त आहे. ज्या कामात माणसाला जन्माने ढकलले जाते, जे सोडण्याची मुभा नसते आणि ज्याचा भाव दुसराच ठरवतो, तो जातिधंदा होय. जी कला आपण निवडून शिकतो, जिचा हिशेब आपल्या वहीत असतो आणि जी उद्या सोडता येते, ती कला होय. एवढे मात्र पाळावे की, कांड्या भरायला माणूस नाही म्हणून मुलीला शाळेतून घरी बसवू नये. तसे झाले तर सूत कितीही शुद्ध असो, ते महागच पडले.

पहिला प्रश्न : हे कशाचे आहे?

विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंच्या चीवरासाठी सहा प्रकारच्या वस्त्रांना अनुमती दिलेली आढळते : क्षौम म्हणजे जवसाच्या जातीच्या झाडाचे वस्त्र, कापूस, रेशीम, लोकर, ताग आणि भंग. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीतील बहुतेक तंतू आजही आपल्या भोवती आहेत. त्यांचे गुणदोष पाहू.

(१) कापूस : आपल्या हवेला सर्वांत सोयीचा. घाम शोषतो, धुता येतो, झिजला तरी मातीत मिसळतो. विदर्भ-मराठवाड्यातील कपाशी बहुतांशी पावसावर येते. तेथील मोठा प्रश्न आहे तो फवारणीचा. बोंडअळीला तोंड देणारे बीटी वाण २००२ साली आपल्या देशात आले, तरी फवारणी थांबली नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. देशी कपाशीचा धागा आखूड असतो, त्याचे बारीक सूत निघत नाही. पण रस शोषणाऱ्या किडींना ती अधिक टिकून राहते, आणि तिचे जाड सूत आसने, सतरंज्या, पिशव्या यांना उत्तम. सेंद्रिय म्हणून सूत विकत असतील तर प्रमाणपत्र मागावे. तोंडी शब्दावर जादा पैसे देऊ नयेत.

(२) लोकर : महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीची लोकर जाड व खरखरीत असते. धनगर मेंढ्या राखतात, सणगर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे घोंगडी कडक व टिकाऊ होते. अंगाला टोचत असली तरी बैठकीला व भिंतीवरच्या कामाला ही लोकर फार चांगली. ठाण्यातील लोकरीची मोठी गिरणी मऊ मेरिनो लोकर परदेशातून आणीत असे. आता ती गिरणी ठाण्यात राहिलेली नाही. आणि आपल्या बाजारात स्वेटरसाठी 'लोकर' म्हणून जे रंगीत गुंडे मिळतात, ते बहुधा अॅक्रिलिकचे असतात. अॅक्रिलिक खनिज तेलापासून होते. मेंढीचा त्याच्याशी संबंध नाही.

(३) रेशीम : कोशातील किडा जिवंत असतानाच कोश उकळतात, तेव्हा अखंड धागा निघतो. आळवी नगरीत काही भिक्खू रेशीमवाल्यांकडे गेले आणि आम्हाला आसनासाठी रेशीम हवे, पुष्कळ किडे उकळा असे म्हणाले. तेव्हा ते कारागीरच कुरकुरले की, आम्ही बायकामुलांच्या पोटासाठी हे करतो, तेच आमचे दुर्दैव. तुम्ही का करायला लावता? यावरून रेशीममिश्रित आसन करवून घेण्यास भिक्खूंना मनाई झाली. रेशमी चीवराला अनुमती होती, पण आपल्या मागणीमुळे हिंसा वाढवण्याला नव्हती. हा भेद नीट समजून घ्यावा. पाखरू बाहेर पडल्यावर उरलेल्या फुटक्या कोशांतूनही सूत काततात. ते जाडसर व गाठीदार असते, पण ते वापरणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही.

(४) ताग, अंबाडी, घायपात : मजबूत व स्वस्त. दोर, पिशव्या, पायपुसणी यांना योग्य. घायपात-अंबाडीचे दोर वळणे हे मातंग बांधवांवर लादलेले काम होते. आज त्याच तंतूच्या वस्तू शहरात शोभेच्या म्हणून विकल्या जातात. अशी वस्तू घेताना वा विकताना वळणाऱ्याच्या हाती किती पडले, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

दुसरा प्रश्न : त्यात काय ओतले गेले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला कल्याणकरांना लांब जावे लागत नाही. कसाऱ्याच्या गाडीत बसले की पुढचे स्टेशन शहाड. तेथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. त्यापुढे आंबिवली, तेथे मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना होता. तो २००९ च्या अखेरीस बंद पडला आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली.

रेयॉन म्हणजे काय? लाकडाचा लगदा घेतात. त्यावर कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया करतात. मधासारखा दाट द्रव होतो. तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की त्याचा चमकदार धागा बनतो. म्हणजे मूळ झाडाचे आहे. म्हणूनच विक्रेता त्याला 'नैसर्गिक' म्हणू शकतो. परंतु मधल्या वाटेवर जो कार्बन डायसल्फाइड लागतो, तो अतिशय ज्वालाग्राही असतो आणि दीर्घकाळ श्वासात गेल्यास मज्जातंतूंना व मनाला इजा करतो. २०२३ च्या सप्टेंबरात शहाडच्या कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले.

'बांबूचे सूत' म्हणून जे मऊ सूत मिळते, तेही बहुतेक याच रीतीने केलेले रेयॉनच असते. बांबू शेतात निर्दोष असला तरी सुतापर्यंत पोचताना त्याला त्याच कुंडातून जावे लागते. लायोसेल नावाचा एक वेगळा प्रकार आहे. तोही लाकडापासूनच होतो, पण त्यात कार्बन डायसल्फाइड लागत नाही आणि जे विद्रावक वापरतात ते जवळजवळ सगळे परत गोळा करून पुन्हा कामी आणतात. म्हणून दोन्ही लाकडाचीच असली तरी दोन्ही सारखी नव्हेत.

रंगाचेही तसेच आहे. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रस्ताच गुलाबी झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा खटला हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्यापैकी अनेकांच्या नळाला उल्हासचेच पाणी येते. तेव्हा सुताचा रंग हा फक्त डोळ्यांचा विषय नाही.

घरी रंगवायचे असेल तर महावग्गाकडे पुन्हा वळू. आरंभी भिक्खू शेणाने व पिवळ्या मातीने चीवर रंगवीत आणि ते विद्रूप दिसे. मग मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ या सहांपासून निघणाऱ्या रंगांना अनुमती मिळाली. रंग नीट उकळला की नाही हे कळण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावा, असेही तेथे सांगितले आहे. आपण सूत प्रथम हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात भिजवावे. त्यानंतर मंजिष्ठाने लाल, डाळिंबाच्या सालीने पिवळसर रंग येतो. हळद सुंदर दिसते, पण उन्हात विटते. विकायच्या मालाला ती लावू नये. मोरचूद किंवा क्रोमची मीठे वापरून रंग पक्का करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. वनस्पतीचा रंग असूनही ते पाणी विषारी होते. 'नैसर्गिक' या शब्दामागे लपलेली ही दुसरी फसगत होय.

घरच्या चार परीक्षा

चिठ्ठी बाजूला ठेवा आणि सुतालाच विचारा.

(१) जाळून पाहणे : तीन इंच सूत चिमट्यात धरून, खाली पाण्याची थाळी ठेवून, मोठ्या माणसानेच पेटवावे. पदर सांभाळावा. कापूस भरभर जळतो, कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ करडी असते. लोकर व रेशीम केस जळल्यासारखे दर्पतात, ज्योत काढली की विझू लागतात, आणि उरलेला काळा गोळा बोटाने चुरडतो. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते, आणि कडक मणी उरतो. अॅक्रिलिकचाही कडक वेडावाकडा गोळा होतो. राखही पडली आणि मणीही झाला, तर ते मिश्र सूत, म्हणजे टेरिकॉटच्या जातीचे.

(२) भिजवून ओढणे : रेयॉन कापसासारखेच जळते, म्हणून पहिल्या परीक्षेत फसवते. त्यासाठी सूत ओले करून दोन्ही हातांनी ओढावे. कापूस ओला झाल्यावर अधिक बळकट होतो. रेयॉन ओले होताच दुबळे पडते आणि सहज तुटते.

(३) पीळ उलगडणे : सूत उलट फिरवून पीळ सोडवावा. कापसाचे आखूड तंतू सुटे होतात. लांबच लांब अखंड तंतू निघाले तर ते रेशीम असेल किंवा कारखान्यात ओढलेला धागा असेल.

(४) पांढऱ्या फडक्यावर घासणे : रंगीत सूत ओले करून पांढऱ्या फडक्यावर घासावे. रंग उतरला तर गिऱ्हाइकाच्या कपड्यालाही तो लागणार.

नंबर आणि हिशेब

कापसाच्या सुताला नंबर असतो. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात तितका त्याचा नंबर. २० नंबर म्हणजे पौंडात २० लड्या, म्हणजे १६,८०० यार्ड. नंबर वाढला की सूत बारीक. दुपदरी २० म्हणजे दोन धागे पिळून एक केलेला. त्याची लांबी निम्मी, पौंडाला ८,४०० यार्ड. नवशिक्याने ताण्याला दुपदरी सूतच घ्यावे, एकेरी सूत फणीत घासून तुटते.

आता एक उदाहरण सोडवू. २० इंच रुंद, अडीच यार्ड लांब उपरणे करायचे आहे. इंचाला २४ धागे धरले तर ताण्यात ४८० धागे होतात. मागाला बांधण्यात काही वाया जाते, म्हणून प्रत्येक धागा ३ यार्डांचा घ्यावा. ताणा झाला १,४४० यार्ड. अडीच यार्ड म्हणजे ९० इंच. इंचाला २४ आडवे धागे, म्हणजे २,१६० फेरे, प्रत्येक २० इंचांचा. बाणा झाला १,२०० यार्ड. एकूण २,६४० यार्ड. दुपदरी २० नंबरचे हे सूत साधारण १४३ ग्रॅम भरते, दीडशे धरावे. किलोचा भाव विचारला की एका उपरण्याचे सूत कितीला पडले हे तेथेच काढता येते. ज्या बाईला हे गणित येते तिला व्यापारी सहजासहजी फसवू शकत नाही. घरातील शाळकरी मुलांकडून ते करून घ्यावे. त्यांचा अभ्यास होतो आणि आईचा हिशेब होतो.

तिसरा प्रश्न : किंमत कोणी मोजली?

येथे एक सावधगिरीची सूचना. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लोक शुभ्र वस्त्रे नेसून दीक्षेला आले होते. तेव्हापासून पांढरी साडी, पांढरा सदरा आपल्या घरात मानाचा झाला. आज त्यातील पुष्कळ वस्त्रे पॉलिएस्टर मिश्र असतात. ती लवकर वाळतात, इस्त्री लागत नाही, वर्षानुवर्षे टिकतात. चाळीत पाणी तासभर येते तेथे या गोष्टींना महत्त्व आहे. म्हणून अशी साडी नेसणाऱ्या भगिनीला कोणी कमी लेखू नये. शुद्ध सुताचा नवा सोवळेपणा आपल्याला निर्माण करायचा नाही. ज्याला परवडते त्याने निवडावे, ज्याला परवडत नाही त्याने आहे ते दीर्घकाळ वापरावे. पर्यावरणाच्या दृष्टीनेही दहा वर्षे टिकलेले वस्त्र हे दरवर्षी बदललेल्या 'नैसर्गिक' वस्त्रापेक्षा बरे.

चुल्लवग्गात आनंद थेरांची एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना वाटीन, असे आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी होतील. जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, खोळींच्या जमिनीवरील बैठकी, बैठकींची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि फडकी जीर्ण झाली की ती कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवीत, ती हीच रीत.

म्हणून सर्वांत निर्दोष सूत बहुधा दुकानात नसते, ते घरातच असते. जुन्या सुती साड्या फाडून त्यांच्या पट्ट्या बाण्याला घालाव्यात. उल्हासनगरच्या शिलाईच्या कारखान्यांतून निघणारे कातरणही चालते. ताण्याला तेवढे मजबूत दुपदरी सूत विकत घ्यावे. आसने, सतरंज्या, पायपुसणी यांना हे पुरे होते. पैसा कमी गुंततो, नवे विष ओतले जात नाही, आणि नवशिक्याचा हात बसतो.

सारांश असा : नावावर जाऊ नका, जाळून-भिजवून पाहा. मूळ चांगले म्हणून सूत चांगले असे समजू नका, मधली वाट विचारा. आणि नदीकाठी, शेतात व कारखान्यात जी माणसे त्या सुतासाठी झिजतात, त्यांना हिशेबाच्या बाहेर ठेवू नका. सूत कोणाच्या ओठाला लागले हा प्रश्न एके काळी आपल्याला विचारला गेला. आपण विचारायचा तो प्रश्न वेगळा आहे : या सुताने कोणाला इजा तर झाली नाही ना?

कुटुंबात बसून चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. रेयॉन लाकडापासून होते, तरी त्याला निर्दोष का म्हणता येत नाही?

२. कापूस व रेयॉन यांतील फरक कोणत्या परीक्षेने कळतो?

३. वरील उदाहरणातील उपरणे २० ऐवजी ३० इंच रुंद व इंचाला २० धाग्यांचे केले, तर किती सूत लागेल?

४. जातिधंदा आणि निवडलेली कला यांत फरक कोणता?

५. आपल्या घरातील एक जुने वस्त्र घ्या. आनंद थेरांप्रमाणे त्याचा पुढचा, आणि त्यापुढचा, उपयोग सांगा.